टोपावरची साय

प्रिय रिया, प्रिय जोएल,

गेल्या शनिवारी दुपारी दोनला, म्हणजे तुमच्याकडे वसईत सकाळी साडेआठला, तुम्ही नेहमीसारखा फोन केलात आणि मी तो उचलला नाही. तुम्ही बोलायला लागल्यापासून असं एकदाही झालं नव्हतं. तुम्ही घाबरून आत्याला फोन लावलात. ती बिचारी शहराच्या दुसऱ्या टोकाहून, ट्रुगानिनाहून, गाडी काढायच्या बेतात होती. सध्याच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाने फोन उचलला नाही की मनात काय काय येतं ते मला ठाऊक आहे. चूक माझी. मी ठीक होते. फोन पर्समध्ये वाजत होता, माझ्या तोंडात घास होता, आणि समोर एक बाई माझ्या उत्तराची वाट पाहत उभी होती.

"जेवत होते" एवढ्यावर तुमचं समाधान झालं नाही. "आजी, असं काय जेवत होतीस?" असं रियाने विचारलं. ते फोनवर सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. वाचताना अडलात तर पप्पांना विचारा. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, आणि छत्तीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर मलाही जड गेलं नसतं. पण ही गोष्ट सायीची आहे, आणि साय मी इंग्रजीत कधी काढलेली नाही.

आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर, स्प्रिंगवेलच्या बाजारात, मिसेस लिमचं खाण्याचं दुकान आहे. लिम कुटुंब टिओच्यू. हे मूळचे दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरचे लोक. पिढ्यान्‌पिढ्या समुद्र ओलांडत कुठे कुठे गेले; मिसेस लिमचे आईवडील कंबोडियात होते, तिथून ही मंडळी इथे आली. त्यांच्याकडे एक पदार्थ मिळतो, क्वे चॅप. तांदळाच्या पिठाची रुमालाएवढी रुंद, पातळ पानं असतात. आपलं घावन चौकोनी कापून रश्शात सोडावं तशी. ती पातळ तपकिरी रश्शात तरंगतात. शेजारच्या ताटलीत डुकराचं मांस, कातडीसकट शिजवलेलं, चमच्याने तुटेल इतकं मऊ. त्याच रश्शात मुरलेलं, चहाच्या रंगाचं उकडलेलं अंडं. टोफूचा तुकडा. वाटीत मिरची आणि सिरका. वर चरबीत तळलेला लसूण.

तो लसूण आम्हाला त्या दुकानात घेऊन गेला. अकरा वर्षांपूर्वी आम्ही दोघं देश सोडून इथे आत्याकडे राहायला आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात आत्या कामावर गेली की घर फार शांत व्हायचं. छपरावर मॅगपाय पक्षी ओरडायचे, तेवढाच आवाज. एका शनिवारी आम्ही नुसते बाजारात फिरत होतो. एका दारातून वाफ आली आणि तुमचे आजोबा फुटपाथवर थांबले.

"अगं," ते म्हणाले, "कोणाचं तरी लग्न आहे."

मलाही तेच वाटलं होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या वाडीत मांडवामागे तीन दगडांच्या चुली पेटायच्या. पुरुष मोठाल्या टोपांत डुक्कर शिजवायचे, ताडीचा सिरका पडला की नाकाला झणका बसायचा, आणि बायका पलीकडे गोल पावांसारखे फुगे तळायच्या. केळीच्या बागेतून पाणी वाहत असायचं, रहाट कुरकुरत असायचा, बँडवाले ओसरीवर बसून वाद्यं पुसत असायचे. टोपाशेजारी चरबीत लसूण तांबूस व्हायचा. आम्हा मुलांना तिथून हाकलायचे आणि आम्ही केळीच्या बुंध्यांआडून परत यायचो. सुरेखसं काहीच नव्हतं तिथे: धूर, माश्या, मोठ्यांची भांडणं. पण त्या वासाला उद्याची खात्री होती. उद्या सगळे नवे कपडे घालणार होते.

आता ना तो मांडव तसा पडतो, ना त्या चुली. केटररची गाडी येते. रहाट तर तुमच्या पप्पांनीही नीट पाहिलेला नाही.

तर आम्ही आत गेलो. मिस्टर लिम तेव्हा हयात होते. बुटके, गोल चेहऱ्याचे, खांद्यावर कायम पांढरा टॉवेल. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचा काळा पडलेला टोप दिसायचा. मी माझ्या सवयीप्रमाणे वही काढली आणि त्यात काय काय आहे ते क्रमाने विचारलं. सोया सॉस, चक्रीफूल, दालचिनी, कोळिंजन, सालासकट लसूण, खडीसाखर. मी लिहून घेत होते, ते हसत होते.

"यू टीचर?" त्यांनी विचारलं.

"रिटायर्ड," मी म्हटलं.

"टीचर कधी रिटायर होत नाही," ते म्हणाले, आणि तेव्हापासून त्या दुकानात माझं नाव टीचर पडलं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली आणि ती मी लिहून घेतली नाही, कारण मला खरी वाटली नव्हती. टोपातला रस्सा त्यांनी दुकान उघडलं त्या दिवशी घातला होता. तो कधी संपवलाच नव्हता. रोज त्यात मांस शिजायचं, रोज थोडा रस्सा निघायचा, थोडं सोया, थोडं पाणी, थोडा मसाला पडायचा, रोज उकळी यायची. जुन्यात नवं, नव्यात जुनं. आपल्या विरजणासारखं.

त्यानंतर आमचे शनिवार तिथे गेले. खिडकीजवळचं टेबल, माशांची टाकी, भिंतीवर लाल कॅलेंडर. हिवाळ्यात काचेवर वाफ धरायची आणि तिच्यावर कोणाची तरी नातवंडं बोटाने चित्रं काढायची. तुमचे आजोबा शेवटी वाडगा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावायचे, आणि मी म्हणायचे, लोक बघतायत. मिस्टर लिम खिडकीतून अंगठा दाखवायचे. मग एका उन्हाळ्यात ते आजारी पडले आणि गेले. मिसेस लिमने दुकान चार दिवस बंद ठेवलं. टोप मात्र त्या चार दिवसांतही रोज सकाळी तापत होता. आम्ही पलीकडच्या फुटपाथवरून जाताना वास यायचा.

मग हे वर्ष आलं. तुमच्याकडे काय झालं ते तुम्ही भोगलंत, आमच्याकडचं थोडक्यात सांगते. हिवाळ्यात दुसऱ्यांदा सगळं बंद झालं. घरापासून पाच किलोमीटर, त्यापलीकडे जायचं नाही. घरातल्या एकानेच बाजाराला जायचं. आत्या आता वेगळी राहते, पाच किलोमीटरच्या कितीतरी बाहेर, म्हणजे तीही फोनमध्येच. दुकानांना पार्सल द्यायला परवानगी होती, पण क्वे चॅपची पानं पार्सलमध्ये चिकटून गोळा होतात. गिऱ्हाईक तुटलं. मिसेस लिमने दुकानाला कुलूप लावलं आणि मोठ्या टोपातला रस्सा एका लहान टोपात काढून घरी नेला. सहासात लिटर असेल. रोज उकळायला घरी सोपा.

त्यांची मुलगी मेई वृद्धाश्रमात नर्स आहे. ऑगस्टमध्ये तिथे साथ शिरली. एका सकाळी तिचा फोन आला, आवाज घोगरा.

"आँटी, मला झालाय. ममला काल ॲम्ब्युलन्सने नेलं."

काय आणू, औषध आहे का, जेवतेस का, मी विचारत सुटले.

"आय ॲम ओके, आँटी, रिअली. पण टोप." ती थांबली. मग रडायलाच लागली. "मला कसलाच वास येत नाहीये. तो बिघडला तर मला कळणारही नाही. मम हॉस्पिटलमधून दुसरं काही विचारतच नाही. फ्रीजरमध्ये ठेवू म्हटलं तर म्हणाली, तिथे झोपला की उठणार नाही. आँटी, तो डॅडचा आहे."

मी म्हटलं, "फाटकाबाहेर ठेव. मी येते."

बाजाराची चाकांची पिशवी ओढत मी गेले. टोप फुटपाथवर, झाकण दोरीने बांधलेलं, भोवती टॉवेल. मेई लांब पायऱ्यांवर मास्क लावून, ड्रेसिंग गाऊनमध्ये, केस विस्कटलेले. आम्ही हात हलवले. इतकी वर्षं त्या मुलीने दुकानात मला वाढलं, आणि मला तिच्या डोक्यावरून हातही फिरवता आला नाही. फाटकाजवळचं वॅटलचं झाड पिवळंधमक फुललं होतं, त्याच्या फुलांचे बारीक गोळे टोपाच्या झाकणावर पडले होते.

झाकणावर एक कागद चिकटवला होता. रोज एकदा खळखळून उकळायचं, दहा मिनिटं. कच्चं पाणी लागू द्यायचं नाही. उष्टा किंवा ओला चमचा बुडवायचा नाही. निवेपर्यंत झाकण अर्धवट. निवल्यावर हलवायचं नाही. मी तो कागद फ्रीजवर लावला आणि शेजारी तारखांचा तक्ता केला. तुमचे आजोबा टोपाकडे बघत म्हणाले, "या घरात आता तीन म्हातारे. त्यातल्या एकाचीच तब्येत रोज बघितली जाते."

"तुम्हालाही उकळते हवं तर," मी म्हटलं.

ते आठवडे आता मला एकाच लांब सकाळीसारखे आठवतात. दहा वाजता गॅस. निळी ज्योत, आधी कडेने बारीक बुडबुडे, मग मधोमध उसळी. चक्रीफूल आणि सोयाचा वास पडद्यांत, गाद्यांत, आजोबांच्या स्वेटरमध्ये. टीव्हीवर आकडे. बाहेर रस्त्यावर कोणी नाही. रोज परवानगी असलेल्या एक तासाच्या फिरण्यात आम्ही त्या बंद दुकानावरून जायचो. काचेच्या आत खुर्च्या टेबलांवर उलट्या घातलेल्या. तेव्हा मला आई फार आठवायची. तिचंही सगळं ठरलेल्या वेळी. दूध तापवून त्यावर जाळी. दुपारपर्यंत पिवळी, सुरकुतलेली साय धरायची. ती पलित्याने, म्हणजे उलथन्याने, एका हिसक्यात, न मोडता उचलायची आणि चिनीमातीच्या बरणीत ठेवायची. आठवडाभराची साय, मग ताक, मग लोणी, मग तूप. कढताना त्यात बागेतलं विड्याचं पान पडायचं, चर्र करून. बेरीसाठी आम्ही भावंडं कढईभोवती बसायचो. लग्नानंतर मीही पन्नास वर्षं तेच केलं, इथे येऊनही. तापलेलं काही निवलं आणि वर थर धरला की माझा हात आपोआप तो उचलतो.

तो त्या टोपावरूनही उचलत होता.

कागदावर तसं करू नका असं लिहिलं नव्हतं. कोण लिहील? निवलेल्या रश्शावर रोज पांढऱ्या चरबीचा थर धरायचा, मऊ, घट्ट, एकसारखा. मी कोरडा पलिता घेऊन तो काढायचे आणि डब्यात ठेवायचे. चांगली चरबी, मिसेस लिम परतल्या की लसूण तळायला देऊ, असा माझा हिशेब. शिवाय रस्सा कसा स्वच्छ, आरशासारखा दिसायचा. मला त्याचा अभिमान वाटायचा. मेईला मी रोज कळवायचे, टोप छान आहे. मेई आईला कळवायची.

आठवड्याभरात थर पातळ झाला. मग धरेनासाच झाला. आणि पंधराव्या का सोळाव्या सकाळी झाकण उचललं तर वास पातळ. रंग तोच, पण वास उडालेला, आणि त्याच्या मागून काहीतरी शिळं, बंद कपाटासारखं. मी आजोबांना हाक मारली. त्यांनी वाकून वास घेतला आणि झाकण हळूच परत ठेवलं.

त्या दिवशी मी मेईला टोप छान आहे असं कळवू शकले नाही. काहीच कळवलं नाही. दुपारी फोन वाजला, व्हिडिओ. मिसेस लिम. नाकात ऑक्सिजनची नळी, चेहरा अर्धा झालेला, केस पूर्ण पांढरे. इतक्या दिवसांनी त्या बोलत होत्या याचा मला आनंद व्हायला हवा होता.

"टीचर," त्या म्हणाल्या. "टोप दाखव."

"आधी तुम्ही कशा आहात ते..."

"टोप."

मी फोन टोपावर धरला. पलीकडे नुसता ऑक्सिजनचा आवाज.

"याची गोधडी कुठे?" त्यांनी विचारलं. त्या इंग्रजीत ब्लँकेट म्हणाल्या, पण मला गोधडीच दिसली. "वरचा पांढरा. तो कुठे? तो नसला तर वास राहत नाही. उघड्यावर पडलाय तो, टीचर. कोणी काढलं?"

सत्तराव्या वर्षी वर्गात उभं केल्यासारखी मी उभी राहिले.

"मी," मी म्हटलं. "रोज. आम्ही दुधावरचं काढतो तसं. मला कळलं नाही."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, या बाईच्या नवऱ्याचं उरलेलं एकच काही माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या नीटनेटकेपणाने मेलं.

"फेकलं?" त्यांनी डोळे न उघडता विचारलं.

"नाही, नाही. डब्यांत आहे. फ्रीजरमध्ये. तीन डबे. वर तारखा घातल्यात."

त्यांनी डोळे उघडले. "तारखा?"

मी डबे आणून एकेक फोनसमोर धरले. पांढरी पट्टी, निळी शाई, तारीख, वार. मिसेस लिमचा चेहरा हलला. आधी मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या, हसता हसता खोकत होत्या, आणि मागून एक नर्स म्हणत होती, "ईझी, लव्ह, ईझी."

"परत घाल," त्या म्हणाल्या. "सगळं. आणि आधी खायला दे त्याला. लसूण, कोळिंजन, चक्रीफूल. अर्धा तास उकळ, दहा मिनिटं नाही. मग हात लावू नकोस. टीचर, ऐकतेस? हात मागे."

आजोबा मास्क लावून कोळिंजन आणायला गेले. मी तारखांच्या क्रमाने डबे उघडले; क्रमाने कशाला, ते मलाही माहीत नाही. चरबी रश्शात पडून विरघळली, सोनेरी डोळे वर आले. दुसऱ्या सकाळी झाकण उचललं तर वर पांढरा, अखंड थर. मी खरोखर हात मागे बांधून उभी होते. पहिल्या दिवशी वास तसाच बिचकलेला. दुसऱ्या दिवशी थोडा. तिसऱ्या दिवशी मी उकळीची वाट बघत असताना बाहेरच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला, "अगं, लग्न आहे का कोणाचं?"

मी रडले थोडी, मग तक्त्यावर खूण केली.

मिसेस लिम पाच आठवड्यांनी घरी आल्या. टोप मी जसा आणला होता तसाच, चाकांच्या पिशवीतून, परत नेला. आणि गेल्या शनिवारी दुकान उघडलं.

दारात फोनने नोंद करायची, हातांना सॅनिटायझर, टेबलं निम्म्याहून कमी. माशांची टाकी नाही. बंदच्या काळात मासे कोणीतरी घेऊन गेलं. मेई गाळणीने पानं उकळत्या पाण्यातून काढत होती. मिसेस लिम स्टुलावर बसल्या होत्या, कोट घालून, चिमणीएवढ्या झालेल्या. आमचे वाडगे आले तशा त्या उठल्या आणि टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"मला अजून वास नाही," त्या म्हणाल्या. "चवही नाही. गरम आहे एवढंच कळतं. मेईला थोडं परत आलंय, पण ती मला खरं सांगणार नाही."

"मम!" मेई आतून ओरडली.

"तू नर्स आहेस, तू सगळ्यांना बरं वाटतंय म्हणतेस." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही दोघांनी त्याच्या हातचं खाल्लंय. टीचर, तू सांग. त्याचाच आहे का? चूक असली तर लाल शाईने सांग."

मी घास घेतला. तेवढ्यात पर्समध्ये तुमचा फोन वाजायला लागला.

मुलांनो, मला खोटं बोलता आलं असतं. आजारातून उठलेल्या बाईला कोणीही हो म्हणेल. पण तिने मला तेवढ्यासाठीच विचारलं होतं की मी उगाच हो म्हणणार नाही. तांदळाचं पान जिभेवर घसरलं. आधी लसूण. मग सोयाचा खारटपणा, मग खडीसाखर, मग सगळ्यांच्या खालून ते जुनं, खोल, ज्याला मला कधीच नाव देता आलं नाही. मांडवामागच्या टोपात होतं ते, आणि पहिल्या दिवशी मिस्टर लिमच्या वाडग्यातही. मी थांबले. ते नाहीसं होतंय का बघितलं. झालं नाही. फोन वाजून वाजून बंद झाला.

"तोच आहे," मी म्हटलं. "थोडा खारट झालाय. तो माझ्यामुळे, उकळून उकळून आटला. पण तोच आहे."

मिसेस लिम आजोबांकडे वळल्या. आजोबांनी वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला लावला, थेट शेवटपर्यंत. मी, लोक बघतायत, म्हटलं नाही. मिसेस लिमने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एकदा बघितलं आणि मेईला सांगितलं, "पाणी घाल. खारट आहे म्हणते टीचर." मग स्टुलावर जाऊन बसल्या आणि कोटाची बटणं उघडली.

निघताना मेईने माझ्या हातात एक लहान डबा दिला. आत टोपावरची चरबी, लसूण तळण्यापुरती. झाकणावर पांढरी पट्टी, त्यावर तिच्या अक्षरात तारीख.

वाडीतला रहाट गेला. आईची बरणी इथे येण्याआधीच्या मुंबईच्या घरातून कुठे गेली, कोणालाच माहीत नाही. मिस्टर लिम गेले, माशांची टाकी गेली, टेबलं कमी झाली. तुमच्याकडे यायला विमान कधी सुटेल, तेही माहीत नाही. मिसेस लिम आहेत. आम्ही दोघं आहोत. रस्सा आहे, आणि रोज सकाळी उकळतो.

तुमची,
आजी